फिट्झरॉय फुटबॉल क्लब : पहिल्या ग्रँड फायनलचे मानकरी

फिट्झरॉय हे मेलबर्नचे पहिले उपनगर. शहराच्या मध्यभागाला अगदी खेटून असलेल्या या वस्तीला १८५८ साली स्वतःची नगरपालिका मिळाली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ती कामगारांनी भरून गेली. बुटांचे कारखाने, लहान लहान घरांच्या रांगा, कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचे गुत्ते. मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी १८८०मध्ये मिठाईचा धंदा सुरू केला तोही इथेच, आणि पुढे त्याचा चॉकलेटचा प्रचंड कारखाना झाला. या वस्तीतल्या मंडळींनी २६ सप्टेंबर १८८३ रोजी ब्रुन्सविक हॉटेलात सभा भरवून फुटबॉल क्लब काढायचे ठरवले.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळतात तो नव्हे. मेलबर्नमध्ये १८५९ साली ज्याचे नियम लिहून काढले गेले असा, लंबगोल चेंडूचा आणि लंबगोल मैदानाचा हा खेळ ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा आहे. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधले दोन उंच. त्यांच्यामधून लाथेने मारलेला चेंडू गेला की गोल, बाजूच्या खांबांमधून गेला की ‘बिहाइंड’. गोलाचे सहा गुण आणि बिहाइंडचा एक, ही पद्धत १८९७पासूनची. म्हणून तिथला धावफलक ५.८ (३८) असा लिहितात : पाच गोल, आठ बिहाइंड, एकूण अडतीस. उंच आलेला चेंडू हवेत झेलणे याला ‘मार्क’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकून घेतलेला मार्क पाहिला की हा खेळ तिथल्या माणसांना इतके वेड का लावतो ते समजते.

व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनने १८८४च्या हंगामात फिट्झरॉयला आपला सातवा क्लब म्हणून सामावून घेतले. रंग ठरले गडद तांबडा आणि निळा. एडिंबरा गार्डन्सच्या कडेचे ब्रुन्सविक स्ट्रीट ओव्हल हे घरचे मैदान झाले आणि १८८८मध्ये तिथे लाकडी प्रेक्षकगृह उभे राहिले. बारीक नक्षीच्या लोखंडी जाळीचे, उतरत्या छपराचे हे प्रेक्षकगृह आजही जागेवर आहे आणि सरकारने ते वारसा म्हणून जतन केले आहे. क्लब स्थापन होऊन बाराव्या वर्षी, १८९५मध्ये, फिट्झरॉयने असोसिएशनचे विजेतेपद मिळवले.

तो काळ मेलबर्नला फार कठीण गेला. जमिनींच्या सट्ट्याचा फुगा फुटला, १८९३मध्ये बँकांनी दारे बंद केली आणि फिट्झरॉयसारख्या वस्त्यांत घरटी बेकारी आली. शनिवारी दुपारचा सामना हीच त्यांची आठवड्यातली एक करमणूक. पण गल्ला मोठ्या क्लबांच्या मैदानांवर जमायचा आणि असोसिएशनमध्ये लहान क्लबांची मते जास्त होती. पैसा कोणी कसा वाटून घ्यायचा यावरून वाद पेटला. २ ऑक्टोबर १८९६ रोजी स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या बक्स्टन यांच्या कलादालनात सहा क्लबांचे प्रतिनिधी जमले : कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न आणि साउथ मेलबर्न. त्यांनी असोसिएशन सोडून नवी लीग काढली आणि कार्लटन व सेंट किल्डा यांना बरोबर घेतले. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, म्हणजेच आजची ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, जन्माला आली ती अशी, पैशाच्या प्रश्नातून. लीगचे पहिले सामने ८ मे १८९७ रोजी झाले. त्या दिवशी फिट्झरॉयने घरच्या मैदानावर कार्लटनचा ६.१३ (४९) विरुद्ध २.४ (१६) असा पराभव केला.

आता मुख्य विषयाकडे येतो. विजेता ठरवायचा कसा, याचे उत्तर त्या काळी आजच्याइतके सरळ नव्हते. असोसिएशनमध्ये ज्याने हंगामभर जास्त सामने जिंकले तो विजेता. अंतिम सामना असा काही नव्हताच. एकदाच, १८९६मध्ये, कॉलिंगवूड आणि साउथ मेलबर्न बरोबरीत राहिले म्हणून त्यांना पुन्हा खेळवावे लागले, तेही ईस्ट मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर, वर सांगितलेल्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी. कॉलिंगवूड एका गोलाने जिंकले. पण तो बरोबरी सोडवण्यापुरता सामना होता. हंगामाचा शेवट मुद्दाम एका सामन्याने करायचा, ही कल्पना लीगची. हंगाम संपायच्या आधीच विजेता ठरून गेला तर उरलेल्या सामन्यांना कोण येणार, ही त्यांची रास्त चिंता होती. १८९७मध्ये त्यांनी वरच्या चार संघांची एक छोटी साखळी खेळवली. एसेंडनने तिन्ही सामने जिंकले आणि वेगळ्या अंतिम सामन्याची गरजच उरली नाही.

१८९८ला नियम बदलले. मुख्य साखळीनंतर आठही संघांचे दोन गट पाडून तीन-तीन सामने, मग उपांत्य सामना. आणि हंगामभर सर्वांत वर राहिलेल्या संघाला एक खास हक्क : शेवटी जो उरेल त्याला आव्हान द्यायचा. एसेंडन त्या वर्षीही सर्वांच्या वर होते. खालून फिट्झरॉय गटातून पुढे आले, उपांत्य सामन्यात कॉलिंगवूडला हरवले, आणि मग एसेंडनने आपला हक्क बजावला. अशी ठरली लीगच्या इतिहासातली पहिली ग्रँड फायनल. तारीख २४ सप्टेंबर १८९८, वार शनिवार, मैदान सेंट किल्डाचे जंक्शन ओव्हल.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड का नाही, असा प्रश्न आपल्या वाचकांना पडेल, कारण आपण एमसीजी ओळखतो तेच मेलबर्नचे मोठे मैदान म्हणून. तिथे ग्रँड फायनल पहिल्यांदा झाली ती १९०२ साली. सप्टेंबर उजाडला की क्रिकेटवाल्यांना खेळपट्ट्यांची काळजी लागायची. जंक्शन ओव्हलचीही तीच गत. येत्या क्रिकेट हंगामासाठी मैदानावर नुकतीच माती पसरलेली होती आणि असल्या जमिनीवर वर्षाचा निकाल लावायला एसेंडनची मंडळी राजी नव्हती. बरीच नाराजी झाली, पण सामना तिथेच झाला. (याच जंक्शन ओव्हलवर २९ फेब्रुवारी २०२० रोजी मुंबईच्या राधा यादवने महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात श्रीलंकेचे चार बळी घेतले. त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत असेल की हे मैदान या खेळाचेही तीर्थक्षेत्र आहे!)

सामन्याला सुमारे साडेसोळा हजार माणसे आली. मंदीतून पुरते सावरलेले नसलेले ते शहर ध्यानात घेतले तर हा आकडा लहान नाही. दोन्ही संघांत वीस-वीस खेळाडू. अठराचा नियम पुढच्या वर्षी आला. बदली खेळाडू ठेवायची सोय तर १९३०पर्यंत नव्हती. कोणाचा पाय मुरगळला, बरगडी दुखावली तर त्याने लंगडत खेळायचे, नाहीतर संघाने एक माणूस कमी घेऊन. चाळीस माणसांच्या त्या धुमश्चक्रीत मैदानावर मुख्य पंच एकच, आयव्हो क्रॅप. आज ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात ज्यांचे नाव आहे ते हेच. फिट्झरॉयचा कर्णधार ॲलेक स्लोन, एसेंडनचा जॉर्ज स्टकी. फिट्झरॉयकडे उंच उडी घेऊन मार्क घेणारा मिक ग्रेस होता, पॅट हिकी होता, बिल मॅकस्पिअरिन होता.

फिट्झरॉय जिंकले : ५.८ (३८) विरुद्ध ३.५ (२३). पंधरा गुणांचा फरक. दोन्ही संघांचे मिळून आठ गोल, आणि या आठ गोलांवर मला थोडे थांबावेसे वाटते. २०२४च्या ग्रँड फायनलमध्ये दोन्ही संघांनी मिळून सत्तावीस गोल केले. आजचा वाचक १८९८चा धावफलक पाहून तो सामना रटाळ असेल असे समजतो. तसे समजणे चूक आहे. जड चामडी चेंडू, मातीने भरलेली जमीन आणि प्रत्येक बाजूला दोन माणसे जास्त. चेंडू उचलला की अंगावर तिघे. अशा खेळात एक गोल म्हणजे आजच्या तीन गोलांइतकी कमाई, आणि पंधरा गुणांची आघाडी म्हणजे विरोधी संघाला पुन्हा वर यायला जवळजवळ वाटच न ठेवणे.

जुन्या रीतीने मोजले असते तर १८९८चा विजेता एसेंडन असता. वर्षभर सर्वांत वर तेच होते, एका दुपारी हरले आणि विजेतेपद गेले. त्यांच्या मनातली बोच मला समजते. तरीही लीगने ठरवले ते योग्यच होते असे माझे मत आहे. हंगामभराच्या श्रमाला मान म्हणून त्यांना थेट अंतिम सामना मिळाला होता. सगळ्या शहरासमोर जिंकून दाखवणे तेवढे बाकी होते, आणि ते फिट्झरॉयने केले. आव्हानाचा हा हक्क पुढे तीस-बत्तीस वर्षे कमीअधिक फरकाने टिकला.

त्या संघातला एक खेळाडू नावानिशी सांगायलाच हवा. स्टॅन रीड. खेळत असताना तो धर्मशास्त्र शिकत होता. प्रेस्बिटेरियन पाद्री झाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावर गेला. १९०१मध्ये तिथेच जखमांनी त्याचा अंत झाला. एसेंडनकडून खेळलेला चार्ली मूरही त्याच वर्षी, त्याच युद्धात गेला.

पुढच्या वर्षीही अंतिम सामना जंक्शन ओव्हलवरच, आणि फिट्झरॉय पुन्हा विजेते. या वेळी साउथ मेलबर्नविरुद्ध ३.९ (२७) विरुद्ध ३.८ (२६), एका गुणाने. १९००ला मात्र मेलबर्नने चार गुणांनी हरवले. १९०३ची गोष्ट फिट्झरॉयचे जुने लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. समोर कॉलिंगवूड, फिट्झरॉय दोन गुणांनी मागे, आणि जेराल्ड ब्रॉस्नन शेवटचा चेंडू मारायला उभा. चेंडू अगदी थोडक्यात चुकला. त्याच ब्रॉस्ननने कर्णधार म्हणून १९०४ आणि १९०५ अशी सलग दोन विजेतेपदे आणली. त्या दोन्ही संघांत जो जॉन्सन होता. लीगमध्ये खेळलेला पहिला आदिवासी खेळाडू म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते.

१९१३लाही विजेतेपद आले. १९१६चे विजेतेपद मात्र जगावेगळे. महायुद्ध चालू होते, लीगमध्ये चारच क्लब खेळायला उरले. बारा सामन्यांत फिट्झरॉयचे दोन विजय, एक बरोबरी, नऊ पराभव. तालिकेत शेवटचे स्थान. पण चारही संघ बाद फेरीत जाणार होते. तिथे त्यांनी कॉलिंगवूडला हरवले, कार्लटनला हरवले, आणि वरच्या संघाचा आव्हानाचा हक्क वापरून कार्लटन पुन्हा समोर आले तेव्हा पुन्हा हरवले, १२.१३ (८५) विरुद्ध ८.८ (५६). अठरा वर्षांपूर्वी एसेंडनला जे सोसावे लागले ते आता कार्लटनच्या वाट्याला आले. एका दुपारचा सामना हीच या क्लबची खरी ताकद होती, असे त्याचा इतिहास वाचताना वारंवार वाटते.

१९२२ला लीगमधले सातवे विजेतेपद आले. त्यानंतर लांबलचक दुष्काळ, तरी खेळाडूंचा नव्हे. हेडन बंटन याने ब्राउनलो पदक, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तीनदा मिळवला : १९३१, १९३२ आणि १९३५. मधल्या १९३३चे पदक विल्फ्रेड स्मॉलहॉर्नचे आणि १९३६चे डिनी रायनचे. म्हणजे सहा वर्षांत पाच पदके एकाच क्लबात, आणि विजेतेपद एकही नाही.

याच काळात डग निकल्स क्लबात आले. न्यू साउथ वेल्समधल्या कमरागुंजा या आदिवासी वस्तीत वाढलेला हा बुटका, वाऱ्यासारखा धावणारा खेळाडू आधी दुसऱ्या एका क्लबात गेला होता. तिथे मालिश करणाऱ्यांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. १९३२मध्ये ते फिट्झरॉयमध्ये आले. कपडे बदलायच्या खोलीत ते कोपऱ्यात एकटेच बसलेले पाहून हेडन बंटन, म्हणजे त्या वेळचा देशातला सर्वांत नावाजलेला खेळाडू, आपले सामान उचलून त्यांच्या शेजारी येऊन बसला. माझ्या मते क्लबच्या आठही विजेतेपदांच्या जोडीने ही नोंद ठेवावी. निकल्स १९३७पर्यंत फिट्झरॉयकडून खेळले, १९३५मध्ये व्हिक्टोरिया राज्याकडून खेळले, पुढे याच वस्तीत पाद्री म्हणून त्यांनी आदिवासी बांधवांसाठी आयुष्य वाहिले. १९७२मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, १९७६मध्ये ते साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. आज लीगच्या आदिवासी सन्मान फेरीला त्यांचेच नाव आहे.

आठवे विजेतेपद १९४४चे. दुसऱ्या महायुद्धात एमसीजी लष्कराच्या ताब्यात गेले होते, म्हणून ग्रँड फायनल भरली जंक्शन ओव्हलवर. फ्रेड ह्यूसनच्या नेतृत्वाखाली फिट्झरॉयने रिचमंडला ९.१२ (६६) विरुद्ध ७.९ (५१) असे हरवले. योगायोग असा की फरक १८९८चाच, पंधरा गुणांचा. या क्लबाने जिंकलेली ती शेवटची ग्रँड फायनल. विजेत्याला चषक द्यायची प्रथा १९५९पासून पडली, त्यामुळे आठ विजेतेपदांच्या या क्लबाच्या हाती लीगचा चषक कधी आलाच नाही.

त्यानंतरची कथा मैदान शोधण्याची आहे, आणि ती मी थोडक्यातच सांगतो, कारण ती लिहिताना हात जड होतो. १९६६नंतर ब्रुन्सविक स्ट्रीट सुटले. तीन वर्षे प्रिन्सेस पार्क, मग १९७० ते १९८४ जंक्शन ओव्हल, मग व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क, शेवटी वेस्टर्न ओव्हल. तरीही माणसे मिळत राहिली. केव्हिन मरे ३३३ सामने या एकाच क्लबाकडून खेळला आणि १९६९चे ब्राउनलो घेऊन गेला. १९८१ला बर्नी क्विन्लनने ते विभागून मिळवले. १९७९मध्ये वेव्हर्लीला मेलबर्नविरुद्ध ३६.२२ (२३८) विरुद्ध ६.१२ (४८) असा विजय मिळाला. १९० गुणांचा हा फरक लीगमध्ये आजवर कोणी ओलांडलेला नाही.

पण खर्च वाढत होते. लीग राष्ट्रीय होत होती. साउथ मेलबर्न १९८२मध्ये सिडनीला गेले, १९९०ला लीगचे नावच बदलले. १९८९मध्ये फुट्सक्रे क्लबाशी विलीनीकरण ठरले होते, ते फुट्सक्रेच्या लोकांनी पैसे गोळा करून मोडून काढले. फिट्झरॉयने पॅसिफिकमधल्या नाउरू या चिमुकल्या देशाच्या विमा महामंडळाकडून घेतलेले साडेबारा लाख डॉलरचे कर्ज फिटेना. २८ जून १९९६ला क्लबावर प्रशासक बसला आणि ४ जुलैला ब्रिस्बेन बेअर्सबरोबर विलीनीकरण जाहीर झाले. एका दुपारी जिंकून सगळे बदलून टाकणाऱ्या क्लबाला हिशेबाच्या वहीपुढे ते करता आले नाही.

२५ ऑगस्ट १९९६ रोजी एमसीजीवर मेलबर्नमधला शेवटचा सामना झाला. फिट्झरॉय १५१ गुणांनी हरले. हरणार हे माहीत असूनही ४८,८८४ माणसे आली होती. १ सप्टेंबरला पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्धचा सामना संपला आणि लीगमधली शंभर वर्षे पुरी झाली.

विलीनीकरणातून झालेल्या ब्रिस्बेन लायन्सने फिट्झरॉयच्या बोधचिन्हातला सिंह घेतला, ‘ला मार्सेयेझ’च्या चालीवरचे क्लबगीत घेतले आणि २००१, २००२, २००३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. त्या तिन्ही संघांत फिट्झरॉयचा क्रिस जॉन्सन होता. २०२४ला आणि २०२५लाही ते जिंकले. काही जुन्या समर्थकांनी ब्रिस्बेनला आपले मानले, काहींनी कधीच नाही. दोघांचेही मला पटते.

क्लब म्हणून फिट्झरॉय बुडाले मात्र नाही. सभासदांनी कंपनी टिकवली, देणी मिटवली, आणि २००९मध्ये व्हिक्टोरियाच्या हौशी फुटबॉल संघटनेत संघ उतरवला. तो ब्रुन्सविक स्ट्रीट ओव्हलवर खेळतो. खेळाडूंना मानधन नाही. मेलबर्नला जाणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे : शहरातून अकरा नंबरची ट्रॅम पकडा, एडिंबरा गार्डन्सला उतरा आणि हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी त्या १८८८च्या प्रेक्षकगृहात बसून फिट्झरॉयचा एक सामना जरूर पाहा.